थर काचेवर की वहीत?

या संवादातल्या दोघांचा एकमेकांवर जीव आहे आणि एकमेकांच्या विषयावर तेवढाच अविश्वास. मामा रंगाच्या धंद्यातले. गाडीच्या बॉडीला पहिला प्रायमर ज्या टाकीत चढतो, त्या टाक्या सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. अजूनही रंगवलेली कुठलीही वस्तू हाताला लागली की आधी नखाने खरवडून बघतात. भाची पुण्यात बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करते. एन्झाइम आणि सोन्याचे नॅनोकण यांचे एकावर एक थर चढवून ग्लुकोज ओळखणारी फिल्म बनवायची, हे तिचं काम. जेवणं झाल्यावर विषय निघाला आणि रात्री उशिरापर्यंत चालला. मी बराच वेळ गप्प होतो. राहवलं नाही तिथे मध्ये बोललो आहे.

मामा : काच बुडवायची, काढायची, धुवायची, पुन्हा बुडवायची. यात डॉक्टरेट कसली गं?

भाची : बुडवणं सोपंच आहे रे मामा. बुडवल्यावर आत काय होतं, ते सोपं नाही. पाण्यात काचेवर ऋण विद्युतभार असतो. तिला पॉलिएथिलीनइमाइनच्या द्रावणात दहा-पंधरा मिनिटं ठेवली की त्या पॉलिमरच्या धन साखळ्या तिच्यावर बसतात. मग धुवायची. मग ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम. पीएच ७ला ते ऋण असतं, म्हणून ते साखळ्यांवर बसतं. धुवायची. पुन्हा पॉलिमर, पुन्हा एन्झाइम. कधी एन्झाइमच्या जागी सोन्याचे कण.

मामा : धन-ऋण चिकटतं. हे सातवीतलं झालं.

भाची : सातवीतलं खरं असतं तर पहिल्या थरालाच काम संपलं असतं. भाराला भार मिळाला, हिशेब चुकता. प्रत्यक्षात लागतो त्याहून जास्त भार येऊन बसतो. ऋण पृष्ठभाग शून्यावर थांबत नाही, उलटून धन होतो. पृष्ठभागाचा भार सांगणारं झीटा पोटेन्शियल मोजलं की दर बुडवणीला चिन्ह बदललेलं दिसतं. आणि पृष्ठभाग धन झाला की तोच पुढून येणाऱ्या धन साखळ्यांना लांब ठेवतो. काच तासभर जास्त ठेवली तरी थर फारसा वाढत नाही.

मामा : हे मात्र ओळखीचं आहे. आमच्या प्रायमरच्या सीईडी टाकीत बॉडी कॅथोडला जोडलेली असते. धन रेझिन तिच्यावर येऊन बसतं, बसलेली फिल्म वीज अडवते, मग तिथलं बसणं मंदावतं आणि रेझिन दरवाजाच्या आतल्या पोकळ्यांकडे वळतं. वीसेक मायक्रॉन होतात. तुझी फिल्म किती?

भाची : दहा फेऱ्या केल्या तर शंभर नॅनोमीटरच्या आसपास.

मामा : म्हणजे माझ्या प्रायमरचा दोनशेवा हिस्सा. नख लावायचीसुद्धा सोय नाही.

भाची : आणि चिकटण्याचं कारणही तुला वाटतं तेवढं सरळ नाही. पाण्यात प्रत्येक भाराभोवती सोडियम, क्लोराइड असे छोटे आयन घोटाळत असतात. साखळी आणि प्रथिन एकमेकांना भिडले की हे आयन सुटतात आणि पाण्यात पांगतात. त्या पांगण्याने एन्ट्रॉपी वाढते, आणि पुष्कळदा थर बसवणारा खरा जोर तोच असतो. म्हणून तर मिठाने सगळं बदलतं. द्रावणात थोडं मीठ घाल, साखळ्या ताठ न राहता वेटोळ्या होतात, थर जाड बसतो. फार घाल, आधीच आयनांची गर्दी झालेली असते, सुटून जाण्यात फायदा उरत नाही, आणि फिल्म काचेवरून निघू लागते.

मामांना मिठाचा मुद्दा पटला. कोलॉइडच्या, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या बारीक कणांच्या, माणसाला मिठाची भीती असतेच. टाकीत क्षार वाढले की काय होतं, हे त्यांनी रात्रपाळ्यांत पाहिलेलं. पण त्यांची खरी तक्रार वेगळी होती. नव्या लोकांना वाटतं की सगळं त्यांच्यापासून सुरू झालं.

मामा : तुमच्या प्रत्येक पेपरात सुरुवातीला या थर-पद्धतीचा जनक म्हणून गेरो डेचर, १९९१. आमच्या आयलरचं नाव कुणी घेत नाही.

भाची : घेतात रे. राल्फ आयलर, डुपॉन्ट, १९६६.

मामा : काय केलं त्याने? सिलिकाचे ऋण कण, ॲल्युमिनाचे धन कण, आलटून पालटून. थर चढत गेले तसे काचेवर रंग उमटू लागले, साबणाच्या फुग्यावर दिसतात तसले व्यतिकरणाचे. त्या रंगांवरून जाडी कळायची. ना प्रथिन, ना एन्ट्रॉपीचं भाषण. कण तो कण. प्रथिन म्हणजे तरी काय, पाच-सात नॅनोमीटरचा भारित कणच ना?

भाची : इथेच तुझं चुकतं. सिलिकाच्या कणावर सगळीकडून भार सारखा. प्रथिनावर तो ठिगळाठिगळांचा असतो. एका बाजूला धन, दुसऱ्या बाजूला ऋण, आणि पीएच बदलला की ठिगळंही बदलतात. हिमोग्लोबिन घे. पीएच ७च्या जवळपास त्याचा एकूण भार शून्य. त्याच्या खाली आम्लात ते धन होतं, म्हणून ऋण पॉलिमरसोबत बसतं. वर आम्लारीत ते ऋण होतं, मग धन पॉलिमर लागतो. अंड्याच्या पांढऱ्या बलकातलं लायसोझाइम जवळजवळ पीएच ११पर्यंत धनच राहतं. १९९५ साली जपानमध्ये युरी ल्वोव्ह, आरिगा, कुनिताके यांनी अशी कितीतरी प्रथिनं थरांत बसवून दाखवली, आणि दर वेळी पहिला प्रश्न हाच होता, की पीएच किती ठेवायचा.

मामा : मग धन प्रथिनावर थेट ऋण प्रथिन बसव. मध्ये पॉलिमर कशाला?

भाची : बहुतेक वेळा बांधणी लवकरच अडते. दोन कडक गोळे एकमेकांना एखाद्याच जागी टेकतात. लवचीक साखळी मात्र खाचाखोचांत शिरते, दहा ठिकाणी पकड घेते आणि वर थोडी मोकळी लोंबतही राहते, पुढच्याला धरायला. पॉलिमर तिथे डिंकाचं काम करतो.

मी : आणि सोनं? सोन्यावर प्रथिन कसं बसतं?

हा प्रश्न मी विचारला तो भाचीला, उत्तर दिलं मामांनी. त्यांनी कधीकाळी हौसेने केलेला प्रयोग त्यांना अजून पाठ आहे. सोन्याच्या क्लोराइडचं अगदी सौम्य, फिकट पिवळं द्रावण उकळायला ठेवायचं आणि त्यात सोडियम सायट्रेट ओतायचं. आधी पिवळेपणा जातो. मग द्रावण काळपट निळं होतं आणि बघणाऱ्याला वाटतं की बिघडलं. थोड्याच वेळात जांभळं, आणि मग ते द्राक्षाच्या वाइनसारखं स्वच्छ लाल होऊन थांबतं. कण तेरा-पंधरा नॅनोमीटरचे, अंगावर सायट्रेटचा ऋण भार. आता त्यातलं थोडं परीक्षानळीत घेऊन मिठाचं पाणी घातलं की डोळ्यांदेखत लाल जाऊन निळा येतो: भार झाकला गेला, कण एकमेकांना येऊन चिकटले. दुसऱ्या नळीत मिठाच्या आधी जिलेटिनचा थेंब घाला. तेवढंच मीठ, पण लाल हलत नाही.

मामा : झिगमाँडीने यावरून मोजमापच काढलं, गोल्ड नंबर म्हणून. दहा मिलिलिटर लाल सोन्यात एक मिलिलिटर दहा टक्के मिठाचं पाणी घातलं तरी रंग फिरू नये, याला किती मिलिग्रॅम जिलेटिन लागतं? मिलिग्रॅमचा शंभरावा भागसुद्धा पुरतो. १९२५चं नोबेल आहे त्याला. म्हणजे प्रथिन आणि नॅनोकणांचं लग्न तुमच्या जन्माआधी किती वर्षं लागलंय बघ.

भाची : लग्न लागलं, संसार कसा चाललाय ते झिगमाँडीने विचारलं नाही. जिलेटिन आधीच उलगडलेलं प्रथिन, त्याचं काही बिघडायचं राहिलेलंच नाही. एन्झाइमचं तसं नसतं. त्याची घडी मोडली तर ते नुसतं वजन. उघड्या सोन्यावर प्रथिन टेकलं की काही वेळा ते पसरतं, पाणी टाळून आत दडवलेला भाग सोन्याकडे वळतो, सिस्टीनमधलं गंधक सोन्याला धरतं. सोनं स्थिर झालं म्हणून तू खूश. माझं एन्झाइम तिथे मरून पडलंय, हे तुझ्या लाल रंगावरून कळणार आहे का?

मला वाटतं, दोघांच्या भांडणाचं मूळ इथे आहे. मामांना फिल्म टिकली पाहिजे, भाचीला ती चालली पाहिजे. आणि फिल्म जास्त घट्ट धरून ठेवणाऱ्या गोष्टी अनेकदा एन्झाइमला हलू देत नाहीत, ही या विषयातली जुनी अडचण आहे.

मामा : बरं, ते राहू दे. तू थर थर म्हणतेस. मला थर दाखव.

भाची : म्हणजे?

मामा : चिरोट्याचे पदर का सुटतात? मध्ये साटा असतो म्हणून. तुपाचा आणि तांदळाच्या पिठीचा. साटा नाही लावला तर पोळ्या एकमेकींत जिरून एकच लगदा. तुझ्या पॉलिमरवर पॉलिमर, साटा कुठाय? वहीत तू दहा रेघा मारल्यास म्हणून काचेवर दहा थर होत नाहीत.

भाची : (हसून) हे डेचरनेच कबूल केलंय. १९९७चा त्याचा ‘सायन्स’मधला लेख आहे, शीर्षकातच त्या रचनांना ‘फझी’ म्हटलंय, कडा पुसट असलेल्या. नुसत्या पॉलिमरच्या फिल्मवर क्ष-किरण परावर्तित केले की एकूण जाडी कळते, कारण वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून आलेले किरण एकमेकांत मिसळून पट्टे देतात. पण आत नियमित थर असले की जे ठळक शिखर मिळायला हवं, ब्रॅगचं, ते मिळत नाही. शेजारचे थर एकमेकांत शिरलेले असतात.

मामा : मग झालं तर. लगदा.

भाची : थांब ना. मग त्यांनी मधूनमधून एखाद्या थरात हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेला पॉलिमर वापरला आणि न्यूट्रॉनने पाहिलं. शिखरं आली. म्हणजे शेजारी शेजाऱ्यात शिरतो, पण पाचव्या थरातला माणूस पहिल्यात जात नाही. आणि सोन्याचे कण घेऊन, दोन सोनेरी थरांमध्ये पॉलिमरचे पुरेसे थर ठेवले, तेव्हा साध्या क्ष-किरणांनाही शिखरं दिसली. कडक कण साखळीसारखा खाली झिरपत नाही. तुझा साटा तो.

मामा : म्हणजे थर हवे असतील तर कण हवेत. मी तेच म्हणत होतो, कण तो कण.

भाची : पण थर हवेत कशाला, ते तू विचारलंच नाहीस. त्याच जपानी गटाने १९९६मध्ये अल्ट्राफिल्टरवर फिल्म चढवली. वरच्या अंगाला ग्लुकोअमायलेज, खालच्या अंगाला ग्लुकोज ऑक्सिडेज, मध्ये पॉलिमर. वरून स्टार्चचं पाणी सोडलं. पहिल्या एन्झाइमने स्टार्चचं ग्लुकोज केलं, दुसऱ्याने त्या ग्लुकोजचं ऑक्सिडीकरण केलं, आणि न तुटलेला मोठा स्टार्च फिल्टरने वरच अडवला. क्रम उलटा लावला असता तर ग्लुकोज तयार होईपर्यंत ऑक्सिडेज मागे राहिलं असतं. कडा पुसट असल्या तरी क्रम खरा असतो, आणि मला क्रम पुरतो.

इथे मामा थोडे नरमले. मी संधी साधून पुण्याचा विषय काढला, कारण या शहरात हे काम वेगळ्याच वाटेने झालेलं आहे. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली सास्त्री यांच्या गटाने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात बुडवण्या-धुण्याची ही लांबलचक रांगच टाळली. त्यांनी निर्वात पात्रात मेदाम्ल किंवा मेदाची अमाइनं तापवून त्यांच्या वाफेतून काचेवर आधी सलग पातळ फिल्म बसवली. मग ती एकदाच नॅनोकणांच्या किंवा एन्झाइमच्या द्रावणात सोडली. फिल्मच्या आतल्या भारांच्या ओढीने कण आणि प्रथिनं आत झिरपत गेली. पीएच बदलला की किती आत जायचं तेही बदलायचं. बुरशीपासून मिळवलेलं प्रोटिएज अशा फिल्ममध्ये कोंडलं तरी आपलं काम करत राहिलं.

मामा : हे मला आवडलं. एक टाकी, एक बुडवणी. दहा टाक्यांची लाइन म्हणजे दहा ठिकाणी घाण.

भाची : मेदाची फिल्म मऊ असते पण. कॅथरीन ब्लॉजेटने जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९३८ला बेरियम स्टीअरेटचे ४४ थर काचेवर उचलून काचेची चकाकी घालवली होती. थर म्हणशील तर तिचे तुझ्या चिरोट्यासारखे, अगदी रेणूगणिक मोजलेले. पण बोट फिरवलं की पुसले जायचे.

मामा : बघ, शेवटी नखच कामाला येतं.

भाची : मला नेमकेपणा हवाय मामा. एन्झाइमच्या आत जिथे इलेक्ट्रॉन सुटतो ती जागा, एफएडी, खोल आत असते. इलेक्ट्रोडला तिथपर्यंत पोचता येत नाही. जेरुसलेमच्या इटामार विलनर यांच्या गटाने काय केलं, एफएडी बाहेर काढलं, त्याला १.४ नॅनोमीटरचा एकच सोन्याचा कण जोडला आणि ते पुन्हा त्याच खोबणीत बसवलं. एका एन्झाइमला एक तार. २००३चा पेपर आहे. एन्झाइम नेहमी आपला इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देतं, सेकंदाला सातशेच्या आसपास. या तारेतून सेकंदाला पाच हजार गेले. नुसत्या बुडवाबुडवीत हे कधी होईल? सगळी एन्झाइमं वेड्यावाकड्या दिशांना तोंड करून बसलेली.

मामा : आणि त्या तारेच्या एन्झाइमचा चौरस सेंटिमीटर कितीला पडतो?

भाची : ते मी पाहिलेलं नाही.

मामा : माझ्या ग्लुकोमीटरच्या पट्टीत यातलं काय आहे, ते सांग.

भाची : काहीच नाही. तिथे एन्झाइम आणि इलेक्ट्रॉन वाहून नेणारं मध्यस्थ रसायन छापून सुकवतात. एकदाच वापरायची पट्टी, तिला तेवढं पुरतं. माझी फिल्म दिवसचे दिवस ओली राहून चालली पाहिजे.

मामा : म्हणजे माझ्याच प्रश्नावर आलीस. टिकते का? किती बसलं, हे तरी नक्की कसं मोजतेस?

भाची : क्वार्ट्झच्या स्फटिकावर फिल्म चढवते. पाच मेगाहर्ट्झचा स्फटिक. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १८ नॅनोग्रॅम चढले की कंपनसंख्या एक हर्ट्झने उतरते. झाउअरब्राय यांचं १९५९चं सूत्र. पडद्यावर पायऱ्या दिसतात, दर बुडवणीला एक पायरी खाली.

मामा : कोरडा करून मोजतेस की ओला?

भाची : दोन्ही. ओला मोजला की फिल्ममध्ये अडकलेलं पाणीही वजनात येतं, आणि ते कमी नसतं. शिवाय सूत्र घट्ट फिल्मसाठी आहे, मऊ फिल्म स्फटिकासोबत पुरती हलत नाही, ओढली जाते. म्हणून कंपन किती लवकर विझतं तेही बघते.

मामा : आणि दोन बुडवण्यांमधलं धुणं? आमच्याकडे पेंट टाकीत बिघडतो कमी, रिन्समध्ये जास्त. नीट धुतलं नाही तर पुढच्या टाकीत धन आणि ऋण समोरासमोर येणार, साका बसणार, आणि तो साका फिल्मवर चिकटून तुला वाटणार की थर जाड बसला.

भाची : हे आमच्याकडे कुणी लिहीत नाही. पेपरात फक्त ‘पाण्याने धुतले’ एवढंच असतं.

मामा : धुतलेलं पाणी ठेवतेस की ओततेस?

भाची : ठेवते. दर फेरीचं वेगळ्या नळीत. पहिल्या धुण्यात एन्झाइम सापडतं, दुसऱ्यात कमी, तिसऱ्यात सापडता कामा नये.

मामा : साध्या पाण्यात. आणि मिठाच्या पाण्यात? तूच म्हणालीस ना मघाशी, मीठ वाढलं की फिल्म सुटते. रक्त काही आयन काढलेलं डीआय वॉटर नाही.

भाची : सलाइनइतकं धरलंय, लिटरला नऊ ग्रॅम. त्यात दोन काचा ठेवल्यात, एक पॉलिमर आणि एन्झाइमची, दुसरीत मधूनमधून सोन्याचे थर. सोमवारी काढायच्या.

मामा : सोन्याची टिकेल, पण तुझं एन्झाइम तिच्यात कमी चालेल.

भाची : मला उलट वाटतं. सोन्यामुळे फिल्मची चाळण मोकळी राहील, ग्लुकोज आत सहज जाईल. आणि त्या कणांवर मी आधी अल्ब्युमिन चढवलंय, एन्झाइम उघड्या सोन्याला टेकणारच नाही.

मामा : सोमवारी संध्याकाळी फोन कर. दोन्ही काचांचे आकडे सांग, सलाइनमध्ये किती उतरलं आणि काचेवरचं किती चालतंय. ग्राफ नको पाठवूस.